कॉलेजला निघालेल्या त्या मुलासाठी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कार्यालयात गर्दी होते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला शिफारसपत्र. असाच एक मुलगा दाखला न्यायला आला होता. आम्ही शिक्का मारीत होतो तेव्हा त्याने सहज विचारले, "फादर, तुम्ही कॉलेजला जायच्या आधी काय तयारी केली होती?" आम्ही म्हणालो, "दोन नव्या पँटी शिवल्या होत्या." तो हसला, आम्हीही हसलो. तो गेल्यावर मात्र लक्षात आले, की आम्ही विनोद केलाच नव्हता. १९९६ च्या जून महिन्यात वसईहून मुंबईच्या कॉलेजात अकरावीला गेलो, तेव्हा खरोखरच तेवढीच तयारी झाली होती.

म्हणून आजचा हा धडा आम्ही त्या १६ वर्षांच्या मुलासाठी लिहीत आहोत, जो आम्ही स्वतःच होतो. त्याच्यापर्यंत तो आता पोहोचणार नाही. पण त्याच्या वयाची मुले-मुली आपल्या प्रत्येक आळीत आहेत. त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी तो एकत्र बसून वाचावा.

१. शाखा निवडताना

आम्ही सायन्स घेतले, कारण आम्हाला ७८ टक्के गुण मिळाले होते. त्या काळची वाटणी सोपी होती: जास्त गुण म्हणजे सायन्स, मधले गुण म्हणजे कॉमर्स आणि उरलेल्यांनी आर्ट्स. तुला काय आवडते, असे आम्हाला कुणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही.

पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांची एक पद्धत आम्हाला फार आवडली. कोणताही प्रश्न हाती घेतला, की ते आपल्या मताविरुद्धचे आक्षेप आधी मांडीत. मग स्वतःचे मत सांगत आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर देत. आमची सूचना अशी, की अर्ज भरण्याआधी एक कोरा कागद घ्यावा. वर लिहावे, "मला अमुक शाखा घ्यायची आहे." खाली त्याविरुद्धचे तीन आक्षेप लिहावेत, आणि तेही दमदार. 'मित्र तिकडे चालला आहे म्हणून तर मी जात नाही ना?' हा आक्षेप बहुतेकांच्या कागदावर यायला हवा. ज्या आक्षेपाला उत्तर सापडत नाही, तो घेऊन त्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाकडे जावे. आपल्याच धर्मग्रामात परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, वकील, बँकेतले कर्मचारी, फिटर, इलेक्ट्रिशियन आहेत. रविवारी मिस्सानंतर दहा मिनिटे मागितली, तर कुणी नाही म्हणणार नाही.

दोन गोष्टी मात्र माहीत हव्यात. सायन्सकडून पुढे कॉमर्स किंवा आर्ट्सकडे वळता येते, उलटे वळणे फार अवघड असते. आणि दहावीनंतर आयटीआय किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा हा हलका मार्ग नाही. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स अशी सोय आहे. मध्येच बाहेर पडायला दार आहे, हे चांगलेच झाले. पण दार आहे म्हणून न बघता कुठल्याही घरात शिरावे, असे नाही.

२. कागदपत्रे

हा भाग थोडक्यात सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड, आणि ज्यांना लागू आहे त्यांनी जातीचा व उत्पन्नाचा दाखला, हे निकालाआधीच बघून ठेवावे. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच तपासा. ख्रिस्ती संस्थांच्या पुष्कळ कॉलेजांत अल्पसंख्याक कोट्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. तो शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद झाल्यावर मागायला येऊ नये, ही नम्र विनंती!

आमच्या वेळी प्रत्येक कॉलेजच्या खिडकीपाशी रांगा लावाव्या लागत. आता अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात. मुंबई परिसरात ते २००९ पासून सुरू झाले. अर्ज सायबर कॅफेवाल्यावर सोपवून घरी जाऊ नये. पसंतीक्रम स्वतः वाचून, स्वतः भरावा.

३. भाषेची भिंत

आम्ही मराठी शाळेतून गेलो. पहिल्याच आठवड्यात फिजिक्सच्या तासाला सरांनी एक प्रश्न विचारला. त्यात 'ॲक्सिलरेशन' हा शब्द होता. आम्हाला त्वरण येत होते, त्वरणाची गणिते येत होती. पण ॲक्सिलरेशन म्हणजेच त्वरण, हे ठाऊक नव्हते. आम्ही खाली मान घालून बसलो. ज्या मुलाला उत्तर येत होते, तो मुलगा 'याला काही येत नाही' असा ठरला. वाईट हे, की ते आम्ही स्वतःच ठरवले. सर तर काही बोललेही नव्हते.

सहामाहीत फिजिक्सला ५० पैकी ९ गुण पडले.

आज आपल्या शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात आहेत. म्हणून ही भिंत पडली, असे समजू नये. ती फक्त सरकली आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला कल्पना येते, पण शब्द येत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला कधीकधी शब्द येतो, पण कल्पना येत नाही. दोघांवर उपाय एकच आहे.

एक दोनशे पानी वही घ्यावी. पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द आणि तिसऱ्यात त्याचा अर्थ सांगणारे स्वतःचे एक वाक्य. त्वरण, ॲक्सिलरेशन, 'गाडी फलाटावरून सुटताना तिचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तेवढे.' घनता, डेन्सिटी. भांडवल, कॅपिटल. लोकशाही, डेमॉक्रसी. रोज पाच शब्द लिहिले, तर निकाल आणि कॉलेज यांमधल्या ४० दिवसांत २०० शब्द होतात. पहिल्या सत्राला तेवढी शिदोरी पुष्कळ आहे. तिसरा रकाना मात्र पुस्तकातून उतरवू नये. तो स्वतःला लिहिता आला नाही, तर तो शब्द अजून आपला झालेला नाही.

४. वाचणे आणि येणे

शाळेत आमची अभ्यासाची कल्पना होती ती अशी: धडा पाच वेळा वाचायचा. पाचव्यांदा सगळे ओळखीचे वाटे आणि आम्ही समाधानाने झोपत असू. ओळखीचे वाटणे आणि येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. रोज लोकलमध्ये दिसणारा माणूस ओळखीचा वाटतो, पण त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही. तसेच हे.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी कागद बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी होत नसते, हे आपल्याला ठाऊकच आहे.

त्याच्याही फार आधी, १८८५ साली, हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते, की शिकलेले विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, आणि पाठांतर एकाच दिवशी उरकण्यापेक्षा ते दिवसांवर वाटून घेतलेले बरे.

यावरून लोकलने जाणाऱ्यांसाठी एक साधा नियम निघतो. परतीच्या गाडीत वही उघडू नये. आज प्रत्येक तासाला काय झाले, ते मनातल्या मनात आठवावे. जे आठवले नाही, तेवढेच घरी जाऊन बघावे. तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. यासाठी बसायला जागा लागत नाही. विरार लोकलमध्ये एका पायावर उभे राहूनही हा अभ्यास होतो!

५. विचारण्याचे धैर्य

ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याचे शहाणपण कशात होते? जे आपल्याला माहीत नाही, ते माहीत आहे असे तो समजत नसे. अथेन्सच्या बाजारात तो लोकांना प्रश्न विचारीत फिरे. सेमिनरीत आम्ही हे शिकलो, तेव्हा त्यावर चांगला निबंध लिहिला. पण त्याचा खरा धडा आम्हाला आधीच मिळाला होता, आणि तो देणारे प्राध्यापक नव्हते.

दिवाळीनंतर एका दुपारी प्रयोगशाळेत आम्ही रेंगाळलो होतो. तिथले सहायक काका मराठी बोलत. उपकरणे आवरून ठेवताना त्यांनी विचारले, "काय रे, घरी जायचे नाही?" काय झाले कोण जाणे, आम्ही म्हणालो, "काका, मला काहीच समजत नाही." ते म्हणाले, "काहीच नाही असे नसते. एक शब्द सांग, जो समजला नाही." आम्ही शब्द सांगितला. "अरे, म्हणजे त्वरण!" ते म्हणाले. वर सांगितलेल्या वहीची कल्पना त्यांचीच आहे. ती आम्हाला जूनऐवजी नोव्हेंबरात मिळाली, कारण आम्ही विचारले नोव्हेंबरात.

तेव्हा, मुला, 'मला काही समजत नाही' असे म्हणू नकोस. नेमके काय समजले नाही, तो एक शब्द किंवा ती एक पायरी शोध. मग विचार. वर्गात धीर होत नसेल, तर तास संपल्यावर विचार. इंग्रजीत जमत नसेल, तर मराठीत विचार. पण पहिल्या पंधरा दिवसांत विचार. पुढे न विचारण्याचीही सवय लागते.

६. सोबत्याची चौकशी

आता जे सांगायचे आहे, ते आम्ही आजवर फारसे कुणाला सांगितलेले नाही.

आमच्या आळीतला एक मुलगा आमच्याबरोबर त्याच कॉलेजात होता. गणितात तो आमच्या पुढे होता. गणपतीनंतर तो स्टेशनवर आमच्याबरोबर येई, गाडीत बसे, पण कॉलेजात येत नसे. मध्येच कुठेतरी उतरे. आम्हाला म्हणाला, "घरी सांगू नकोस." आम्ही सांगितले नाही. आम्हाला ती मैत्री वाटली. खरे कारण वेगळे होते. त्याचे बिंग फुटले असते, तर आमच्या ९ गुणांचीही चौकशी झाली असती.

त्याची आई पहाटे दादरला फुले विकायला जात असे. एका सकाळी परतताना ती आम्हाला फलाटावर भेटली. रिकामी टोपली खाली ठेवून तिने विचारले, "बरा चाललाय ना रे अभ्यास तुम्हा दोघांचा?" आम्ही म्हणालो, "हो, मावशी."

हजेरी ७५ टक्के लागते. फेब्रुवारीत फळ्यावर यादी लागली, तिच्यात त्याचे नाव होते. त्याने कॉलेज सोडले. पुढे तो कष्टाने उभा राहिला, त्याचे घरदार व्यवस्थित आहे. आम्हाला त्याने कधी बोल लावला नाही. पण तो 'हो' आम्हाला अजून ऐकू येतो. काकांनी दिलेली वही तेव्हा आमच्या पिशवीत होती. ती त्याला दाखवावी, एवढेही आम्हाला सुचले नाही.

त्या १६ वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट सांगायची परवानगी मिळाली, तर आम्ही वहीचे सांगणार नाही, शाखेचेही नाही. आम्ही सांगू, "मावशीला खरे सांग." कॉलेजची तयारी एकट्याची नसते. आपल्या गावातून जे तीन-चार जण एका गाडीने जातील, त्यांनी दर शनिवारी अर्धा तास एकत्र बसावे आणि प्रत्येकाने सांगावे, या आठवड्यात मला काय समजले नाही. ज्याला काहीच सांगायचे नसेल, त्याची जास्त चौकशी करावी.

पालकांसाठी दोन शब्द

आमचे बाबा वाडीत राबत. ते दरवेळी विचारीत, "किती गुण?" आम्ही एक आकडा सांगत असू, कधी खरा, कधी वाढवून. "आज काय समजले नाही?" असे त्यांनी विचारले असते, तर खोटे बोलायला जागाच उरली नसती. हा प्रश्न विचारायला इंग्रजी यावे लागत नाही, शिक्षण लागत नाही. फक्त उत्तर ऐकून रागावू नये.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. तू निवडलेल्या शाखेविरुद्धचे तीन दमदार आक्षेप कोणते? त्यांना तुझे उत्तर काय?

२. आपल्या धर्मग्रामातील कोणत्या व्यक्तीला तुझ्या आवडीच्या कामाबद्दल विचारता येईल?

३. 'समजले नाही' असे तू शेवटचे कधी आणि कुणाला म्हणालास किंवा म्हणालीस?

४. पालकांनो, मुलाने पहिल्या सत्रात नापास झाल्याचे सांगितले, तर तुमचे पहिले वाक्य काय असेल? ते आजच ठरवून ठेवा.

ज्यांना शब्दांची वही सुरू करायची आहे, त्यांनी कार्यालयात यावे. बाप्तिस्म्याचा दाखला नको असला तरी चालेल.

आपले प्रमुख धर्मगुरू