इरा, सारा की नोरा?

प्रश्न : पुढच्या आठवड्यात मुलीचं बारसं आहे. इरा, सारा, नोरा यांत अडकलोय. नणंद अमेरिकेत असते; नाव तिकडेही चालायला हवं. पण सासूबाईंना सारा आणि नोरा परकी वाटतात. काय ठेवावं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : मनापासून अभिनंदन! ‘सारा’ हिब्रू असलं तरी परकं मानू नका. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग ठाण्यात 1879पासून उभं आहे. ज्यू, ख्रिस्ती, मुस्लिम अशा तिन्ही घरांत हे नाव ठेवतात. अमेरिकेत मात्र ‘सेरा’ ऐकावं लागेल. ‘नोरा’ युरोपातलं; इब्सेनच्या नाटकातली बाणेदार नायिका.

तरी माझा कौल ‘इरा’ला. इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. इराला हा वारसा आहे, शिवाय सासूबाईही खूश. फक्त इंग्रजीत सुरुवातीला दोन ‘ई’ लिहा. ‘आय’ लिहिलंत, तर अमेरिकेत ‘आयरा’ वाचतील आणि तिकडे ते पुरुषाचं नाव आहे.

1 मे 2024पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी लांबलचक ओळ येते. छोटं नाव तिथे शोभतं. शाळाप्रवेश, पासपोर्टसाठी आता जन्मदाखलाच पुरावा असतो, म्हणून स्पेलिंग नीट ठरवा. घाई नको : जन्मनोंदणीनंतर 12 महिन्यांपर्यंत दाखल्यावर नाव विनाशुल्क घालता येतं.