फडातली कातडी आणि घरचे औषध



उसात कीड दिसली की आपण लगेच गट ऑफिसला निरोप धाडतो. स्वतःच्या अंगाला काही झाले, की "होईल बरं" म्हणून आठ-आठ दिवस काढतो. मागे एका सभासदाच्या पायावर तणनाशक सांडले. घरच्यांनी हळद-तेलाचा लेप लावून फडके बांधले. औषध धुतलेच नाही, ते फडक्याखाली कोंडले. दोन दिवसांत पाय फोडांनी भरला आणि ऐन लागणीत गडी अंथरुणाला खिळला. म्हणून हे चार शब्द.

१) पाचटाची कूस व ओरखडे : उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. पाचट काढताना अंगभर शर्ट घालावा. कूस लागली तर खाजवू नये. गार पाण्याने धुऊन खोबरेल तेल लावावे.

२) किरकोळ काप : बांधावरचा दगडी पाला आपण पिढ्यानपिढ्या चोळत आलो. मात्र आधी जखम साबण-पाण्याने धुवावी, पाला आणि हातही स्वच्छ हवेत. माती, शेण, चुना-तंबाखू जखमेत भरू नये. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. कोयत्याची खोल जखम असेल तर पाला नको, दवाखाना गाठून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

३) हळद : जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सी.एस.आय.आर.ने जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हळद आपलीच, पण ती वरवरच्या खरचटण्यापुरती. दळलेली घरची असावी.

४) भेगा, घामोळे, भाजणे : टाचांच्या भेगांना कोकणात कोकमाचे तेल लावतात. रात्री पाय धुऊन, पुसून लावावे. घामोळ्यांना कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी अंघोळीला घ्यावे. गुऱ्हाळात थोडे भाजले तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे, मग कोरफडीचा गर लावावा. फोड फोडू नये.

५) बिब्बा : कातडीवर बिब्बा अजिबात नको. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात.

अंगावर तणनाशक किंवा कीटकनाशक पडले तर कपडे ताबडतोब काढावेत, साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे आणि औषधाची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जावे. तिथे कोणताही लेप चालत नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पायाची छोटी जखमही घरी काढू नये. लाली पसरली, पू झाला, ताप आला, तर कुणीही थांबू नये. गजकर्णाला दुकानातून मागून आणलेले मलमही लावू नये. काहींत स्टेरॉइड असते, त्याने खाज थांबते पण गजकर्ण पसरते.

ऊस आज ना उद्या तुटेल. तोडणारा हात आणि उभा राहणारा पाय आधी जपावा, हीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी