कुड्याची साल आणि मेडिकलची पट्टी

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, आता गोळ्या लागूच पडत नाहीत म्हणतात, मग आपला कुडाच बरा ना?" तेव्हा माझी ड्युटी होती, म्हणून टाळलं. आज निवांत लिहिते. नीट वाच आणि सासूबाईंनाही वाचून दाखव. घरातली काढ्याची सत्ता त्यांच्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे.

रोवणीचे दिवस आले की आपल्याकडे काय होतं ते तू बघतेसच. दिवसभर बांधीत चिखलात उभं राहायचं, मिळेल तिथलं पाणी प्यायचं, आणि रात्री घरातल्या कोणाचं तरी पोट बिघडायचं. सकाळी मेडिकलवर निरोप जातो, "जुलाबाच्या दोन गोळ्या द्या." तो पट्टीतून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या दोन गोळ्या कापून देतो. दोन दिवसांत माणूस बरा होतो आणि नाव गोळीचं होतं. अगं, साधे जुलाब बहुतेक वेळा तसेही काही दिवसांत आटोक्यात येतात. त्यातले कितीतरी विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पण त्या दोन गोळ्यांनी आतड्यातले कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि तेच पुढे वाढतात. शिवाय ते आपला चिवटपणा शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात.

त्याचा परिणाम आम्ही वॉर्डात बघतो. टायफॉइडला एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं की ताप उतरायचा. आता भारतात त्याचा भरवसा राहिलेला नाही, ॲझिथ्रोमायसिन नाहीतर सेफ्ट्रिॲक्झोनवर जावं लागतं. रक्ती आवेचा शिगेला नावाचा जंतू आहे, त्याचीही तीच गत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये धोकादायक जंतूंची यादी नव्याने काढली, त्यात या दोघांचीही नावं आहेत.

आता तुझा कुडा. पिढ्यान् पिढ्या लोक आवेवर या झाडाची साल देत आले ते उगाच नव्हे. आयुर्वेदातलं कुटजारिष्ट त्याच सालीचं. सालीत कोनेसीन नावाचं द्रव्य असतं. थायलंडच्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याच्याबद्दल एक गमतीची गोष्ट मांडली. बांधीत जास्तीचं पाणी साचलं की आपण इंजिन लावून उपसतो ना, तसे काही जंतू आत शिरलेलं औषध बाहेर उपसून टाकतात. कोनेसीन ते उपसणं अडवतं आणि मग जुनं अँटिबायोटिक पुन्हा काम करायला लागतं. पण हे दिसलं प्रयोगशाळेत, आणि तेही स्यूडोमोनास नावाच्या वेगळ्याच जंतूवर. माणसाच्या पोटातल्या टायफॉइडवर नाही. "कुड्याने रेझिस्टन्स (म्हणजे जंतूंचा हा चिवटपणा) मोडतो" असा मेसेज कोणी पाठवला, तर पुढे ढकलू नकोस.

मला जास्त भावलं ते मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चचं काम. डॉ. तन्नाझ बिर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबावरच्या गावठी वनस्पती एकेक करून तपासल्या. कच्च्या बेलावरचा त्यांचा अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात जुलाबाच्या सहा जंतूंवर बेलाचा काढा घातला, तर एकही मेला नाही. एकही नाही! पण त्या काढ्यात जंतूंना पेशींना चिकटणं आणि आत घुसणं अवघड झालं, पटकीच्या जंतूचं विष कमी तयार झालं आणि जे झालं ते पेशींना नीट धरेना.

म्हणजे बेल या जंतूंना मारत नाही, रोखतो. ज्याला मारलंच जात नाही, त्याला मरणातून निसटून चिवट होण्याची घाईही तेवढी नसते. माझ्या मते आपल्या झाडांची खरी ताकद इथे आहे. अँटिबायोटिक हरलं की झाडाला मैदानात उतरवायचं, असा तुझा हिशेब दिसतो. मी उलट म्हणते. जिथे अँटिबायोटिकची गरजच नाही त्या साध्या जुलाबात झाड वापर, म्हणजे ती गोळी टायफॉइडसाठी शिल्लक राहील.

याच मंडळींनी जामाच्या पानांची (तुझ्या पुणेरी नणंदेच्या भाषेत पेरूच्या) चाचणी थेट रुग्णांवर घेतली. ती २०२० मध्ये छापून आली. साधे संसर्गाचे जुलाब झालेली मोठी माणसं, दहा पानांचा काढा दिवसातून तीनदा, पाच दिवस. काढा घेणारे ७२ तासांत सावरले, नुसत्या ओआरएसवर असलेल्यांना १२० तास लागले. दारातल्या झाडाची दहा पानं! मेडिकलवाल्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

मोठी माणसं म्हटलं, तिकडे लक्ष दे. तुझ्या बारक्याला काढा द्यायचा नाही. सासूबाई रुसल्या तरी नाही. लेकराला ओआरएस, अंगावरचं दूध आणि झिंक. झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी मधेच सोडायची नाही. आशाताईंकडे दोन्ही मिळतं. लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घाल, अर्धं पाकीट अंदाजाने कपात नको.

आणि तुझ्या जावेच्या मुलीला सिकलसेल आहे, तिच्या बाबतीत घरच्या घरी काहीच करत बसू नका. शरीरातलं पाणी कमी झालं की अशा लेकरांचे दुखण्याचे झटके उसळतात, आणि टायफॉइडच्या भाऊबंद जंतूंचा संसर्ग त्यांच्या हाडांपर्यंत जाऊ शकतो. जुलाब सुरू झाले की ओआरएस पाजत पाजतच दवाखान्यात न्यायचं.

संडासात रक्त दिसलं, तीन दिवसांवर ताप राहिला, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, पोरगं सुस्त पडलं, तर मोठ्यांनाही काढा बंद आणि थेट दवाखाना. रक्त पडत असताना जुलाब अडवणारी लोपेरामाइडची गोळी तर घरातही ठेवू नकोस. तापाला नुसत्या विडाल चाचणीवर टायफॉइड ठरवून सलाइन लावणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर होईल का, एवढं विचार. कोणती गोळी लागू पडेल ते त्यातून कळतं. आणि डॉक्टरांनी दिली, तर मग पूर्ण घे.

बेलाचं एक सांगायचं राहिलं. पिकलेल्या बेलाचं सरबत जुलाबावर देतात, ते उलटं काम आहे. पिकलेला बेल पोट साफ करतो, बांधतो तो कच्चा. कच्ची फळं हिवाळ्यात मिळतात आणि पोटं बिघडतात पावसाळ्यात, म्हणून काचऱ्या करून कडक उन्हात वाळव आणि कोरड्या डब्यात ठेव. काढा सोळापट पाण्यात, चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा. तुझी लोहाची गोळी चालू असेल तर दोघांत दोन तासांचं अंतर ठेव, तुरट काढा लोह अंगी लागू देत नाही.

कुडा आणायचाच असेल तर आधी ओळखून घे. काळा कुडा वेगळा, त्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात आणि बी गोडसर. औषधाच्या पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या लोंबतात, बी कडूजहर. साल खोडाभोवती गोल काढली की झाड वाळतं. फांदीची घ्या, एका बाजूची. तुमच्याकडचे वैदूबाबा जंगलात जातील तेव्हा तुझ्या मोठ्याला त्यांच्याबरोबर पाठव, शेंग हातात धरून ते दाखवतील तसं मी कागदावर नाही दाखवू शकत. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत त्यांची माहिती आली तर चांगलंच, पण कोणता पाला कशावर ते लिहू द्यायचं की नाही, हे आधी त्यांनाच विचार.