वर्णपटातून उलगडणारे बटु नवतारे

मोठ्या दुर्बिणीतूनही तारा प्रकाशाचा ठिपकाच दिसतो. त्या ठिपक्याची घडण जाणून घ्यावयाची तर त्याच्या प्रकाशाचा वर्णपट अभ्यासावा लागतो. हंस तारकासमूहातील ‘एसएस सिग्नी’ हे याचे उत्तम उदाहरण होय.

१८९६ साली हार्वर्ड वेधशाळेत लुइसा वेल्स यांनी हा तारा शोधला. एरवी तो बाराव्या प्रतीचा असतो. साधारणतः सात-आठ आठवड्यांनी मात्र तो एक-दोन दिवसांत आठव्या प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे ४० पट उजळतो आणि पुन्हा मंदावतो. अशा ताऱ्यांना ‘बटु नवतारे’ म्हणतात.

एका ठिपक्यात दोन तारे

प्रकाशाचा उगम जवळ येत असेल तर वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. १९५६ मध्ये आल्फ्रेड जॉय यांना एसएस सिग्नीच्या वर्णपटात तेजस्वी आणि काळ्या अशा दोन रेषामालिका परस्परविरुद्ध सरकताना आढळल्या. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असल्याचा हा पुरावा होता. त्यांची एक प्रदक्षिणा सुमारे ६ तास ३६ मिनिटांत पूर्ण होते. रेषांच्या सरकण्यावरून वेग, आणि वेगांवरून वस्तुमानांचे गुणोत्तर मिळते. प्रत्यक्ष वस्तुमानांसाठी कक्षेचा कलही ठाऊक असावा लागतो.

वायूची तबकडी

या जोडीतील एक श्वेत बटु असून दुसरा सूर्यापेक्षा थंड तारा आहे. थंड ताऱ्याचा वायू श्वेत बटूकडे ओढला जातो आणि त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरत राहतो. मिथुन राशीतील ‘यू जेमिनोरम’ या बटु नवताऱ्याची तबकडी आपल्याला बरीचशी कडेने दिसते. तिची एक बाजू जवळ येते, दुसरी दूर जाते. म्हणून तेथील तेजस्वी रेषा दुभंगलेल्या दिसतात.

उद्रेकाच्या वेळी एसएस सिग्नीच्या तेजस्वी रेषा लोपून रुंद काळ्या रेषा उमटतात. तबकडी तापून अपारदर्शक झाल्याची ही खूण होय. साठलेल्या वायूमुळे तबकडी अस्थिर होते व वायू वेगाने श्वेत बटूवर कोसळतो, असा सिद्धांत योजी ओसाकी यांनी १९७४ मध्ये मांडला.

सिद्धांताची कसोटी

१९९९ मध्ये हबल दुर्बिणीच्या वेधांवरून या ताऱ्याचे अंतर ५०० प्रकाशवर्षांहून अधिक ठरले. तेवढ्या अंतरावरील ताऱ्याचे तेज या सिद्धांतात बसेना. २०१३ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी ते अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे असल्याचे दाखविले आणि सिद्धांत तरला. वर्णपटाने सांगितलेली हकीकत अंतराच्या अचूक मोजमापानेच पक्की झाली.