शिलालेखाची साक्ष

शीळफाट्याहून काटईमार्गे अंबरनाथास गेले असता तेथील शिवालयाविषयी दोन गोष्टी आम्ही हटकून ऐकतो : ते पांडवांनी एका रात्रीत बांधिले, आणि कोकणात त्याहून सुंदर देऊळ नाही. दुसरे केवळ मत. विद्यार्थ्यांनी त्यावर खुशाल वाद घालावा, आम्हीही घालू. पहिल्यास पुरावा हवा. आणि देवळातील शिलालेख तर शिलाहार राजा मामवाणीचे नाव सांगतो! त्यातील शक डॉ. भाऊ दाजींनी ७८२ वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी ९८२, म्हणजे इ. स. १०६०. दोघेही थोर विद्वान. पण निर्णय थोरवीने व्हावयाचा नव्हता. मामवाणीचे ताम्रपटही अकराव्या शतकातलेच. त्यांच्याशी ९८२ जुळतो, ७८२ जुळत नाही. देवालयाचा आरंभ त्याचा वडील बंधू छित्तराज याने केला काय, हा प्रश्न मात्र वादार्ह आहे.