सलाइन म्हणजे सोल्यूशन नव्हे

नळाचं पाणी माझ्या लेन्सला कधीही लागलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण डोळ्याचं काही बिनसलं की सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. हात धुऊन, कोरडे करून मगच मी लेन्सला बोट लावायचे, झोपताना न चुकता काढायचे. तरी उजव्या बुबुळावर जखम झाली. सोल्यूशन संपलं म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले, तर तिथल्या माणसाने दुसरीच बाटली हातात ठेवली. "सेम आहे मॅडम. उगाच महागडं कशाला?"

ती सलाइनची बाटली होती. सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. लेन्स विसळायला ठीक, पण लेन्सवरचे जंतू ते मारत नाही. मल्टिपर्पज सोल्यूशनमध्ये जंतुनाशक असतं, म्हणून लेन्स रात्रभर त्यात ठेवायची. अमेरिकेत १९८०च्या दशकात लोक मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच सलाइन करायचे आणि त्यातून अकँथअमीबा नावाच्या जंतूने कित्येकांची बुबुळं खराब झाली. हे मला आता कळलं. दुकान चालवणाऱ्याला आधीच माहीत असायला नको?

डोळा लाल झाला तेव्हा सासूबाईंनी "डोळे आलेत" म्हणून निकाल दिला. पण चिपडं नव्हती. दुखत होतं आणि साध्या ट्यूबलाइटकडेही बघवत नव्हतं. केमिस्टने न विचारता थेंब काढून दिले. ते मी घातले नाहीत तेच बरं, त्यात स्टिरॉइड होतं. बुबुळात जंतू असताना स्टिरॉइड गेलं की जखम आणखी चिघळते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नारिंगी पट्टी पापणीच्या आत टेकवली, निळ्या उजेडात बघितलं आणि लेन्सची डबी-बाटली आणलीय का विचारलं. मी ऐटीत पर्समधून दोन्ही काढली. निगा किती चोख आहे ते दिसू दे! त्यांनी लेबल वाचलं, बाटली फिरवून पुन्हा वाचलं. "लेन्स रात्रभर यात ठेवत होतात?" मग अंगठ्याचं नख एका ओळीखाली धरून बाटली माझ्यापुढे केली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त विसळण्यासाठी. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

पुढे बुबुळ खरवडून नमुना तपासायला गेला, दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. फूल पडलं नाही एवढंच. बरी झाल्यावर दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "तुम्हीच कुठे नळाचं पाणी लावलं असेल." तेही चार गिऱ्हाइकांसमोर!

तेव्हा बाटली घेताना लेबलावर डिसइन्फेक्ट हा शब्द आणि लेन्स किती तास बुडवून ठेवायची तो आकडा शोधा. दोन्ही नसतील तर ती बाटली रात्रीच्या कामाची नाही, दुकानदार काहीही म्हणो. लाल टोपणाची पेरॉक्साइडची बाटली आणखी वेगळी: ती तिच्यासोबतच्या खास डबीतच वापरायची, थेट डोळ्यात गेली तर जाळते. डबीतलं जुनं सोल्यूशन रोज फेकायचं, त्यावर भर घालायची नाही. सोल्यूशनवर 'नो रब' लिहिलेलं असलं तरी लेन्स तळहातावर घेऊन बोटाने चोळायची. डबी सोल्यूशननेच विसळून उघडी, पालथी वाळवायची, संडास-बाथरूमपासून लांब. तीन महिन्यांत नवी घ्यायची. महिन्याची लेन्स पाकीट फोडल्यापासून महिना, मग चारदाच घातली असली तरी. स्वच्छता ठेवा वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

डोळा दुखला, लाल झाला, उजेड सोसेना, की लेन्स काढा आणि पुन्हा घालू नका. डोळ्यावर पट्टी बांधू नका, आतली ऊब जंतूंना मानवते. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा आणि लेन्स, डबी, बाटली सगळं घेऊन जा. त्यातूनही जंतू तपासता येतात. चालू नंबरचा चष्मा घरात हवाच. माझा जुन्या नंबरचा निघाला, भाजीवालीच्या पाटीवरचे भावसुद्धा दिसत नव्हते.

आणि बिल घ्या, पक्कं, बाटलीचं नाव आणि बॅच नंबर घालून. माझ्या बिलावर त्या महाशयांनी नुसतं 'लेन्स सामान' लिहिलंय. ग्राहक आयोगात काय दाखवू?