दारे उघडण्यापूर्वीचे वर्ष : अमेरिकेतील लहान सनदी शाळांच्या पूर्वतयारीचा एक अभ्यास

शाळा स्थापन करणे म्हणजे जागा मिळविणे, शिक्षक नेमणे आणि दारावर पाटी लावणे, असा सर्वसाधारण समज असतो. निवासी शाळेशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हा समज किती अपुरा आहे हे सांगावयास नको. पहिला विद्यार्थी उंबरठ्याशी येण्यापूर्वी संस्थापकांना कित्येक प्रश्नांची उत्तरे स्वतःशी ठरवून ठेवावी लागतात. ती ठरविली नाहीत, तर पुढे त्यांची किंमत विद्यार्थ्यांना मोजावी लागते. या दृष्टीने अमेरिकेतील लहान, चाकोरीबाहेरच्या माध्यमिक शाळांच्या पूर्वतयारीचा अभ्यास उद्बोधक आहे. तेथे ही उत्तरे लेखी द्यावी लागतात आणि त्यांवरच शाळेचे अस्तित्व अवलंबून असते.

सनदी शाळा म्हणजे काय?

या शाळांना अमेरिकेत 'चार्टर स्कूल' म्हणतात. आपल्या भाषेतील 'सनद' हा शब्द येथे नेमका लागू पडतो. शासनाने अधिकार दिलेली एखादी संस्था शिक्षकांच्या वा नागरिकांच्या गटाला ठरावीक मुदतीसाठी, बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी, शाळा चालविण्याची सनद देते. शाळा सार्वजनिक पैशावर चालते. तिला शुल्क आकारता येत नाही आणि धर्मशिक्षणही देता येत नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आले, तर सोडत काढून प्रवेश द्यावे लागतात. त्या बदल्यात वेळापत्रक, अभ्यासक्रमाची रचना, शिक्षकांची कामे यांबाबतच्या अनेक नियमांतून तिला मोकळीक मिळते. मुदत संपताना दिलेली वचने पाळली गेली की नाहीत हे तपासले जाते. ती पाळली गेली नसतील, तर सनद काढून घेता येते.

आपल्याकडील अनुदानित शाळेशी या शाळेचे काही साम्य आहे, परंतु मुदतबंद कराराची ही अट आपल्याकडे नाही. हा महत्त्वाचा फरक वाचकांनी ध्यानी ठेवावा.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक रे बडी यांनी ही कल्पना मांडली. १९८८ मध्ये अमेरिकन शिक्षक महासंघाचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी तिचा पुरस्कार केला. शिक्षकांनी एकत्र येऊन नव्या वाटा धुंडाळाव्यात, हा त्यांचा हेतू होता. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने असा पहिला कायदा केला आणि प्रारंभी केवळ आठ शाळांना मुभा दिली. त्यांपैकी पहिली शाळा 'सिटी अकॅडमी' सप्टेंबर १९९२ मध्ये सेंट पॉल शहरातील एका सार्वजनिक क्रीडा-मनोरंजन केंद्रात सुरू झाली. शाळा अर्ध्यावर सोडलेली मुले हेच तिचे विद्यार्थी होते.

पहिला प्रश्न : शाळा कोणासाठी?

सनदेच्या अर्जात हा प्रश्न अग्रभागी असतो. 'सर्वांसाठी' हे उत्तर कायद्याने बरोबर असले, तरी ते पुरेसे नाही. सिटी अकॅडमीच्या संस्थापक शिक्षकांसमोर शाळेबाहेर पडलेला किशोर स्पष्टपणे होता. म्हणून मोठी इमारत वा खेळाचे संघ यांपेक्षा प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारा शिक्षक त्यांना अधिक मोलाचा वाटला. शाळा लहान ठेवण्याचे कारणही तेच होते.

येथेच एक अवघड जबाबदारी येते. अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणासंबंधीचा संघीय कायदा सनदी शाळांनाही लागू आहे. साठ मुलांच्या शाळेत एका विद्यार्थ्यासाठी तज्ज्ञ शिक्षक लागला, तर अंदाजपत्रक डळमळू शकते. तथापि 'आमच्याकडे सोय नाही' असे सांगून त्या मुलाला परत पाठविता येत नाही. ही तरतूद पूर्वतयारीच्या वर्षातच करून ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न : शिक्षणाची पद्धत आणि तिची नोंद

मिनेसोटातील 'न्यू कंट्री स्कूल' १९९४ मध्ये ल सूअर या लहानशा गावी सुरू झाली व पुढे जवळच्या हेंडरसन येथे गेली. तेथे तासिका नाहीत आणि घंटाही नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे टेबल असते. तो मार्गदर्शक शिक्षकाच्या साहाय्याने प्रकल्प निवडतो, पूर्ण करतो आणि लोकांसमोर मांडतो. मुख्याध्यापकाचे पदही नाही. शिक्षकच मिळून कारभार पाहतात.

शाळा जेमतेम एक वर्षाची असताना, ऑगस्ट १९९५ मध्ये, तिच्या विद्यार्थ्यांना एका शेतातील तळ्याकाठी विकृत अवयवांचे बेडूक मोठ्या संख्येने आढळले. मुलांनी नोंदी घेतल्या आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला कळविले. त्यातून संशोधकांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले आणि कारणांचा शोध पुढे अनेक वर्षे चालला.

या पद्धतीमागे जॉन ड्यूई यांचा विचार आहे. अनुभव आणि त्यावरील चिंतन यांतून शिक्षण घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात याच ड्यूईंच्या वर्गात बसले होते. त्यामुळे ही परंपरा आपणांस सर्वस्वी परकी नाही.

मात्र तळ्याकाठी घेतलेले हे शिक्षण गुणपत्रकावर कसे उतरवावयाचे? अमेरिकेतील माध्यमिक शाळांत सुमारे एका शतकापासून 'कार्नेगी एकक' प्रचलित आहे. एका विषयाचे वर्षभरातील साधारण १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक. महाविद्यालये अशाच नोंदींच्या आधारे विद्यार्थी पारखतात. ज्या शाळेत तासिकाच नाही, तिने बेडकांच्या अभ्यासात जीवशास्त्र किती, गणित किती आणि लेखन किती, याची कोष्टके आधीच तयार केली पाहिजेत. हे काम पहिल्या तुकडीच्या शेवटच्या वर्षापर्यंत लांबणीवर टाकले, तर उत्तम शिकलेला विद्यार्थीही महाविद्यालयाच्या दारात अडतो. नवी पद्धत स्वीकारणाऱ्यावर जुन्या पद्धतीच्या भाषेत तिचा हिशेब देण्याची जबाबदारी येते.

तिसरा प्रश्न : पैसा आणि जागा

सनदी शाळेला प्रामुख्याने विद्यार्थीसंख्येच्या प्रमाणात पैसा मिळतो. कॅलिफोर्नियात तर तो सरासरी दैनिक उपस्थितीवर ठरतो. समजा, शाळेने साठ विद्यार्थी गृहीत धरले आणि अठ्ठेचाळीस आले. उत्पन्न एक-पंचमांशाने घटले, परंतु भाडे तेवढेच राहिले आणि शिक्षकांचे वेतनही तेवढेच राहिले. मोठी शाळा असा फटका सोसू शकते. लहान शाळेला तो पहिल्याच वर्षी जमीनदोस्त करू शकतो. म्हणून जाणते संस्थापक दोन अंदाजपत्रके करतात : एक अपेक्षित संख्येचे आणि दुसरे कमी संख्येचे. दुसऱ्यावरही शाळा तगत असेल, तरच ते पुढे पाऊल टाकतात.

जागेचा प्रश्नही असाच बिकट असतो. सनद मिळाली म्हणून इमारत मिळत नाही. जुन्या दुकानांत, चर्चच्या तळघरांत, रिकाम्या गोदामांत अशा अनेक शाळा सुरू झाल्या. अग्निसुरक्षेची तपासणी व वापराचा परवाना वेळेवर मिळाला नाही, तर ठरल्या दिवशी दारे उघडता येत नाहीत. प्रारंभीच्या खर्चासाठी १९९४ पासून संघीय अनुदानाची योजना आहे, परंतु ते अनुदान मुदतीचे असते. नित्याचा खर्च त्यावर बेतणे घातक ठरते.

चौथा प्रश्न : उत्तरदायी कोण?

बंद पडलेल्या सनदी शाळांपैकी अनेक शाळा अध्यापनाच्या दोषाने नव्हे, तर पैशाच्या व कारभाराच्या गोंधळाने बंद पडल्या. संचालक मंडळात ध्येयवादी माणसे असतात, परंतु दरमहा हिशेब मागणारा कोणी नसतो. प्रमुखाच्या मित्रपरिवाराचेच मंडळ झाले की अप्रिय प्रश्न विचारले जात नाहीत. यास्तव अर्जातच मंडळाची रचना, हितसंबंध उघड करण्याचे नियम आणि लेखापरीक्षणाची पद्धत नमूद करावी लागते. शाळा बंद करण्याची वेळ आल्यास विद्यार्थ्यांच्या नोंदी कोठे जातील आणि त्यांना अन्यत्र प्रवेश कोण मिळवून देईल, हेही पुष्कळ ठिकाणी आधीच लिहून घेतात. जन्मापूर्वीच अंत्यविधीची चर्चा, असे हे कोणास वाटेल. परंतु माध्यमिक शिक्षणाची वर्षे चारच असतात. एकदा शाळा सुटलेला मुलगा धीर करून पुन्हा आला आणि दुसऱ्या वर्षी शाळाच मिटली, तर तिसऱ्यांदा तो कोणावर विश्वास ठेवील?

आक्षेप आणि बोध

या व्यवस्थेवर गंभीर आक्षेप आहेत. सनदी शाळांमुळे जिल्ह्याच्या सर्वसाधारण शाळांचा पैसा वळतो, त्या मुलांना निवडून घेतात, शिक्षकांचे संरक्षण घटते, अशी टीका होते. ज्या शँकर यांनी कल्पनेचा पुरस्कार केला, तेही पुढे तिचे टीकाकार झाले. ही व्यवस्था जशीच्या तशी आपल्याकडे आणावी, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही.

तथापि पूर्वतयारीची शिस्त मात्र घेण्याजोगी आहे. आपल्या समाजातील अनेक माजी विद्यार्थी आज नवी शाळा, अभ्यासिका वा वसतिगृह काढण्याचा विचार करतात. तळमळ त्यांच्यापाशी असतेच. त्यांनी देणगीची पहिली पावती फाडण्यापूर्वी चार पाने लिहावीत : कोणती मुले, कोणती पद्धत आणि तिची नोंद, कमी संख्येतही टिकणारे अंदाजपत्रक, आणि हिशेब मागणारी माणसे. ती पाने पालकांना मोठ्याने वाचून दाखवावीत. पालकांनी विचारलेल्या ज्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, त्याचे उत्तर मिळेपर्यंत उद्घाटनाची तारीख जाहीर करू नये. एक वर्ष उशिरा उघडलेली शाळा मुलांचे फारसे नुकसान करीत नाही. अर्ध्या वाटेत बंद पडलेली शाळा मात्र त्यांचे आयुष्यभराचे नुकसान करू शकते.